कोणी दिले आणि भूक होती का? मुलांच्या खाण्याची वही आणि मोठेपणीचे वजन

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडील बहुतेक घरांत सकाळी एक गोष्ट ठरलेली असते. आई भाकर बांधून घेऊन सातच्या सुमारास वावराकडे निघते आणि निघताना देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, पाच-दहा रुपये ठेवून जाते, कारण शाळा सुटून पोर घरी येईल तेव्हा चूल थंड असेल आणि घरात कोणी नसेल. त्या पैशाचे संध्याकाळी किराणा दुकानात एक रंगीत पाकीट होते. या व्यवहारात कोणीही चुकीचे वागलेले नसते. तरीही पंचवीस-तीस वर्षांनी त्या मुलाचे पोट सुटू लागते, तेव्हा त्याचा माग काढत गेल्यास आपण पुष्कळदा त्या देवळीपाशीच येऊन पोहोचतो.

मी गेली एकोणीस वर्षे वर्धा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. परंतु शाळेच्या दुपारच्या पंगतीत रोज मुले जेवताना पाहतो, आणि सुरुवातीच्या वर्षांत ज्यांना त्याच पंगतीत वाढले, ती मुले आज संसाराला लागलेली आणि त्यांतील काही चांगली स्थूल झालेली गावातच दिसतात. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यात शास्त्राने पक्के केलेले थोडे आहे आणि घराघरांत करून पाहिलेले अधिक आहे.

बारीक पोर म्हणजे निर्धोक पोर नव्हे

खेड्यात वजनाचा विषय काढला की उत्तर येते, "आमचं पोट्टं तं काडीवानी हाय, त्याले कायचं वजन?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, कारण आपल्या भागाची जुनी काळजी अन्न कमी पडण्याची आहे आणि ती अजून संपलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी, तर सुमारे २५ टक्के मुलांचे वजन उंचीच्या मानाने कमी आढळले. त्याच सर्वेक्षणात राज्यातील प्रौढ स्त्रीपुरुषांपैकी जवळपास चौघांत एकाचे वजन प्रमाणाबाहेर होते. दोन्ही आकडे एकाच राज्याचे आहेत आणि कितीदा तरी ते एकाच ओसरीवर बसलेले दिसतात, नातू रोड आणि त्याची काकू स्थूल.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत गर्भवती स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यातून या कोड्याचा एक धागा हाती लागला. तेथील बाळांचे जन्माचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते आणि इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो, परंतु आपल्या बाळांत स्नायू कमी असूनही त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबी सांभाळून ठेवणारे असे हे शरीर आहे. भारतीय प्रौढांसाठी स्थूलतेची रेषा पाश्चात्त्य माणसांपेक्षा खाली ओढलेली आहे, तिच्यामागे भारतीय शरीराची हीच ठेवण आहे.

दुसरी गोष्ट सवयीच्या आणि वयाच्या नात्याची. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित पाहणीनुसार स्थूल मुलांपैकी सुमारे ५५ टक्के किशोरवयात स्थूलच राहतात आणि स्थूल किशोरांपैकी सुमारे ८० टक्के प्रौढपणीही स्थूल राहतात. हे अपेक्षितच आहे. परंतु त्याच पाहणीत असेही दिसले की स्थूल प्रौढांपैकी सुमारे ७० टक्के लोक लहानपणी किंवा किशोरवयात स्थूल नव्हते. लहानपणचे शरीर बारीक होते, एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. त्या शरीराला कोणती वळणे लागली होती ते पाहावे लागते. शिवाय शरीरातील चरबीच्या पेशींची संख्या मुख्यतः बालपणी आणि किशोरवयात ठरते, आणि पुढे वजन उतरवले तरी त्या पेशी आकसतात, संख्येने फारशा घटत नाहीत, असे २००८ मधील एका संशोधनात आढळले आहे. मोठेपणी वजन उतरवणे अवघड आणि उतरवलेले टिकवणे त्याहून अवघड का जाते, याचे एक कारण येथे असावे.

आधी एक आठवडा फक्त लिहावे

घरात काहीही बदलण्यापूर्वी शंभर पानी वही घ्यावी आणि एक आठवडाभर मुलाच्या तोंडात जे जाईल ते लिहावे. रकाने चार करावेत: वेळ, काय खाल्ले, कोणी दिले आणि खरी भूक होती का. पहिले दोन रकाने कोणीही सुचवील. खरे काम तिसरा आणि चौथा करतो. शेवटचा रकाना भरताना मुलालाच विचारावे आणि त्याने खांदे उडवले तर 'नाही' लिहावे. त्या आठवड्यात कोणाला रागावू नये, काही बंद करू नये, नाहीतर वहीत खोटे उतरते.

माझी धाकटी बहीण यवतमाळ जिल्ह्यात असते. तिचा मुलगा तिसरीत आहे, अंगाने बारीक, जेवायला नाखूश, आणि तिची तक्रार एकच की तो काही खात नाही. गेल्या वेचणीच्या हंगामात तिने वही ठेवली. तिच्यातील एका मंगळवारचे पान असे होते:

सकाळी साडेसहा. चहा आणि चार बिस्किटे. आजी. भूक नाही.
साडेआठ. पाच रुपयांचे पाकीट. काका, मोटारसायकलवरून चक्कर मारताना. नाही.
दुपारी एक. शाळेतली खिचडी, अर्धी टाकली. शाळा. थोडी.
पावणेपाच. पाकीट, आणि उरलेल्या पैशांच्या गोळ्या. देवळीतले पैसे. होती, खूप.
सहा. चहा, एक टोस. आजी. नाही.
साडेआठ. अर्धी भाकर, वांग्याची भाजी, रडून. आई. नाही.
साडेनऊ. पेलाभर दूध, दोन चमचे साखर घालून. आजी. नाही.

जो मुलगा काही खात नाही, त्याने दिवसभरात सात वेळा खाल्ले होते. त्यांपैकी खरी भूक एकदाच होती आणि नेमकी त्याच वेळी घरात अन्न नव्हते. देणारे चौघे-पाच जण होते. प्रत्येकाने एकदा, फार तर तीनदा आणि थोडेच दिले होते, आणि सगळ्यांचा एकत्र हिशेब कोणापाशीच नव्हता. आजीला रात्रीच्या दुधाबद्दल विचारले तेव्हा ती म्हणाली, "पोट्टं उपाशी झोपलं तं मले रातभर झोप येत नाई." तिने स्वतःच्या लहानपणी उपाशी झोपलेली भावंडे पाहिलेली आहेत, त्यामुळे या वाक्यापुढे आहारशास्त्र ऐकवण्यात अर्थ नसतो. तिला वही वाचून दाखवली, एवढे पुरले.

या मुलाची भूक मारली जात होती आणि भुकेवाचून खाण्याचे वळण त्याला लागत होते. आज तो बारीक आहे, कारण तो दिवसभर उंडारतो. उद्या महाविद्यालयात जाईल, नंतर कुठेतरी खुर्चीवर बसेल. उंडारणे थांबेल आणि सात वेळा तोंड हलवण्याचे वळण तेवढे बरोबर राहील.

काय आणि केव्हा ते घराचे, किती ते मुलाचे

वही वाचून झाली की घरात एक वाटणी करावी. ताटात काय असेल आणि ते कोणत्या वेळी असेल हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले किती खायचे, किंवा खायचेच नाही, हे मुलाने ठरवावे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. काय आणि केव्हा हे मूल दुकानापाशी हट्ट करून ठरवते, आणि किती हे आपण घास मोजून ठरवतो.

तान्हे मूल पोट भरले की तोंड फिरवते. ही देणगी जन्मजात असते आणि ती घालवण्याचे काम आपण मोठ्या प्रेमाने करतो. एक घास काऊचा, एक चिऊचा, एक मामाचा, असे करता करता पोट भरल्यानंतरचे आठ-दहा घास आत जातात, आणि असे वर्षानुवर्षे झाले की मूल पोटाकडे लक्ष देणे सोडून ताटाकडे पाहून जेवू लागते. मग ताट जेवढे मोठे तेवढे जेवण, हा हिशेब आयुष्यभर राहतो. अन्न टाकू नये हा संस्कार चांगलाच आहे, पण तो पाळायचा तर आधी थोडे वाढावे आणि मागेल तेव्हा पुन्हा वाढावे. ढीग वाढून तो संपवायला लावू नये.

दिवसाच्या वेळा अशा बांधाव्यात की दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास रिकामे जातील: सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण, शाळा सुटल्यावरचे खाणे आणि रात्रीचे जेवण. शाळेच्या दिवशी दुपारचे जेवण बहुधा शाळेतच होते. पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे ठरलेले आहे. ते एक पुरते जेवण आहे. ती खिचडी अर्धी टाकली जाते, त्यात कधीकधी आमच्या शाळेचा दोष असतो हे मान्य, परंतु पुष्कळदा साडेआठचे पाकीट तिच्या आधी पोटात बसलेले असते. पहिले तीन-चार दिवस मूल रात्री जेवणार नाही. न जेवल्यास ताट शांतपणे उचलावे, आणि आजीचे दूध बंद न करता ते जेवणाबरोबरच, साखर न घालता द्यावे. धडधाकट मूल एका रात्रीच्या कमी जेवणाने खंगत नाही, सकाळी भूक घेऊन उठते. ज्या मुलाचे वजन मुळातच कमी आहे, त्याच्याविषयी पुढे लिहिले आहे. त्याच्यावर हा प्रयोग करू नये.

भाजीसाठी लाच देऊ नये. "भाजी संपव, मग पाकीट देतो" असे म्हटले की पाकीट बक्षीस ठरते आणि भाजी शिक्षा ठरते, आणि हे नाते पुढे तिशी-चाळिशीतही सुटत नाही. नवी किंवा नावडती भाजी आठ-दहा, कधी पंधरा वेळा ताटात येऊ द्यावी लागते, तेव्हा कुठे जीभ तिला ओळखते. दरवेळी बोटभर वाढावी आणि तिच्याविषयी चकार शब्द काढू नये. पावसाळ्यातला तरोटा, कण्या घालून केलेली अंबाडी, घोळ, चवळाई या भाज्या आपल्याकडे बांधावर फुकट उगवतात, परंतु घरातला बाप पातेल्यात डोकावून नाक मुरडत असेल तर त्या मुलाच्या पोटात जाणार नाहीत.

पाच वाजताची भूक

सगळ्या दिवसात सर्वांत जास्त लक्ष द्यावे असे हे एकच खाणे आहे, कारण ही भूक खरी असते आणि नेमकी हीच दुकानाच्या हवाली केलेली असते. देवळीत पैशांऐवजी झाकणाचा स्टीलचा डबा ठेवावा. काम एवढेच आहे, पण रोज सकाळी वावरात निघण्याच्या घाईत ते होत नाही. म्हणून डबा रात्रीच भरून ठेवता येईल अशाच गोष्टी निवडाव्यात आणि जे ओले किंवा शिजवलेले असेल ते सकाळच्या चुलीवर चटकन उरकावे.

दिवाळीनंतर बोरे आणि पेरू, म्हणजे आपले जाम, असतात. डिसेंबरपासून तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडता येतात, आणि त्या सोलून खाण्यात मुलाचा अर्धा तास मजेत जातो. जे खायला वेळ लागतो ते कमी खाल्ले जाते, हे प्रौढांनाही लागू आहे. पुढे हरभऱ्याचे घाटे येतात, मग संत्री येतात. काहीच नसेल तेव्हा फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा लहान खडा, मुरमुऱ्यांत कांदा आणि जवसाची चटणी, सकाळच्या भाकरीचा कुस्करा, किंवा उकडलेले अंडे चालते. चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे-फुटाणे मात्र देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. कूट करून द्यावेत.

शेंगदाण्यातही कॅलरी असतातच की, असा प्रश्न पालकसभेत एकाने विचारला होता आणि तो बरोबर होता. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १७० कॅलरी असतात, आणि वीस ग्रॅमच्या चिप्सच्या पाकिटात शंभर ते एकशेदहा. केवळ आकडा पाहिला तर पाकीट हलके ठरते. परंतु त्या शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात, ते चावावे लागतात आणि रात्रीपर्यंत पोटाला आधार देतात. पाकीट तळहातावर येते, दोन मिनिटांत संपते आणि दुसरे मागते. अमेरिकेत २०१९ मध्ये वीस प्रौढांवर झालेल्या एका काटेकोर प्रयोगात, समोर ठेवलेल्या अन्नातील साखर, मीठ, स्निग्ध पदार्थ आणि तंतू सारखे असतानाही, कारखान्यातील अतिप्रक्रियायुक्त पदार्थ मिळालेल्या काळात माणसांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. मोठ्यांना जो आवर घालता येत नाही, तो आठ वर्षांच्या मुलाने घालावा ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

शाळेच्या आवारात आणि त्याभोवती ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. आमच्या फाटकासमोरच दुकान आहे आणि दुकानदार गावातलाच माणूस आहे; त्याच्या मुली माझ्याच वर्गातून गेल्या. तक्रार करण्याऐवजी आम्ही शिक्षकांनी त्याला एवढेच म्हटले की पाकिटांच्या ज्या माळा मुलांच्या डोळ्यांसमोर लोंबतात त्या फळीच्या वर टांगाव्यात आणि खाली फुटाण्यांची बरणी ठेवावी. माळा वर गेल्या. बरणी आली, पण महिनाभराने तिच्यात गोळ्या दिसू लागल्या. आता पुन्हा सांगायला जायचे आहे.

चहा, बिस्किटे आणि गोड जीभ

सकाळचा चहा मुलांना देणे हे आपल्याकडील सर्वांत जुने आणि सर्वांत दुर्लक्षित वळण आहे. एका कपात दोन चमचे, म्हणजे आठ ते दहा ग्रॅम साखर धरली आणि दिवसाचे दोन कप धरले, तर पाच वर्षांच्या मुलाच्या पोटात पंधरा-वीस ग्रॅम साखर चहातूनच जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर ५ टक्क्यांखाली असावी. या वयाच्या मुलाच्या बाबतीत ती अनुक्रमे साधारण चौतीस आणि सतरा ग्रॅम होते. बिस्किटे, गोळ्या आणि दुधातली साखर अजून मोजलेलीच नाही. शिवाय जेवणाच्या आसपास घेतलेला चहा अन्नातील लोह शरीरात नीट शिरू देत नाही, आणि रक्ताच्या कमतरतेची आपल्या मुलांत आधीच वाण नाही.

साखरेचे वळण किती लवकर लागते, याविषयी ब्रिटनमधून एक बोलका पुरावा मिळाला आहे. दुसऱ्या महायुद्धामुळे तेथे साखरेचे रेशनिंग होते आणि ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठले. रेशनिंगच्या काळात गर्भात असलेल्या आणि पहिली दोन वर्षे काढलेल्या मुलांची तुलना, रेशनिंग उठल्यानंतर लगेच जन्मलेल्यांशी केली तेव्हा, पहिल्या गटात मोठेपणी मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध, त्यानंतर वरणभात, कण्या, कुस्करलेली केळी असे वरचे अन्न, आणि दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत वरून साखर अजिबात नाही, ही शिस्त पाळावी. मोठ्या मुलांचा चहा एकदम बंद करू नये. दर आठवड्याला अर्धा चमचा साखर कमी करावी, आणि सकाळी चहाच्या जागी ताक-कण्या किंवा दूध-भाकर हळूहळू आणावी.

सणाचे गोड मात्र मोजू नये. तान्ह्या पोळ्याला मूल लाकडी बैल घेऊन घरोघर फिरते, बोजारा आणि खाऊ गोळा करते; तो त्याचा हक्क आहे. वजन पोळ्याच्या दिवशी वाढत नाही, ते मंगळवारच्या साडेआठच्या पाकिटाने वाढते.

लेकीचे ताट

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण आहाराच्या सल्ल्यांत ती फारशी येत नाही. आपल्या घरांत पुरुष आणि मुलगे आधी जेवतात, आणि मुली आईबरोबर शेवटी. शेवटच्या पंगतीला भाजी संपलेली असते आणि भाकर, भात, रस्सा उरलेला असतो. मुलगी पोट भरते ते पिठावर आणि भातावर, डाळ तिच्या वाट्याला पातळ येते. ती भरभर जेवते, कारण भांडी घासायची असतात. आणि पातेल्यात उरलेले टाकवत नाही म्हणून तेही तीच संपवते. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तोवर तिचे जेवण उरकलेले असते. लग्नानंतर ती हेच वळण सासरी नेते, आणि मग मुलांच्या ताटातले उष्टे, सासऱ्यांसाठी केलेले पण उरलेले, सगळे तिच्याच पोटात जाते. तिशीनंतर तिचे वजन वाढले की "बाळंतपणामुळे" असे म्हणून विषय मिटवतात. उपाय फार मोठा नाही: सर्वांनी एकत्र बसावे, डाळ आणि अंडे आधी समान वाटून घ्यावे, आणि उरलेल्याची जागा गाईच्या टोपल्यात किंवा कोंबड्यांपुढे आहे हे घरातील पुरुषाने एकदा सर्वांदेखत म्हणावे. स्त्रीने म्हटले तर तिला माजोरी ठरवतात.

वजन कमी असलेल्या मुलाबाबत

अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते. ते चुकवू नये आणि वाढीच्या आलेखावरील रेषा कोणत्या दिशेने चालली आहे ते सेविकेकडून समजून घ्यावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरहून कमी असेल तर ते मध्यम आणि ११.५ हून कमी असेल तर तीव्र कुपोषण समजतात. अशा मुलाचे तेल-तूप कमी करू नये, उलट वाढवावे, आणि तीव्र कुपोषण असेल तर त्याला ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे. फक्त वजन वाढवण्यासाठी साखरेचे दूध, बिस्किटे आणि बाजारातील पावडरी यांच्यामागे लागू नये. त्याने चरबी वाढते, उंची आणि स्नायू वाढत नाहीत. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे यांवर भर द्यावा. दुसऱ्या टोकाला, पाच वर्षांपुढील मूल एकाच वर्षात अंगाने बरेच सुटले असेल तर त्याला उपाशी ठेवू नये. त्याची उंची वाढत राहील आणि वजन तेवढेच राहील, इतके केले तरी पुष्कळ झाले. रोज तासभर धावणे-खेळणे आणि नऊ-दहा तासांची झोप यांनी यातले बरेचसे काम होते.

ज्यांचे बालपण होऊन गेले आहे

प्रौढांनी आधी स्वतःचे माप घ्यावे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे: १.५० मीटर उंचीच्या स्त्रीचे वजन ५६ किलो असेल तर उत्तर जवळपास २५ येते. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता मानतात. बेंबीच्या आसपास, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावावा. पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेर म्हणजे पोटातील चरबीचा इशारा आहे.

नंतर तीच वही स्वतःसाठी ठेवावी, फक्त चौथ्या रकान्याशेजारी एक पाचवा आखावा: हे लहानपणी कोणाकडून शिकलो. हा रकाना हसण्यावारी नेऊ नये. माझ्या स्वतःच्या वहीत रात्रीच्या तीन भाकरी होत्या. तीन भाकरी माझे आजोबा खात; ते पहाटे चारला बैल जुंपत आणि दिवसभर वखर हाकत. मी त्यांच्या शेजारी बसून जेवायला शिकलो, माप त्यांचे घेतले आणि काम खडू धरण्याचे करतो. गावात आज हेच घरोघर झाले आहे: बैलबंडीच्या जागी मोटारसायकल आली, वखराच्या जागी ट्रॅक्टर आला, घरची ज्वारी जाऊन वावरात सोयाबीन आणि ताटात रेशनचे गहू-तांदूळ आले, पण भाकरीची संख्या पणजोबांपासून जशीच्या तशी आहे.

मी तिसरी भाकर एकदम सोडली नाही. आधी भाकर लहान थापायला सांगितली, मग पहिली भाकर डाळ-भाजीबरोबर सावकाश खाऊन दहा मिनिटे थांबू लागलो, आणि तर्रीतले तेल वाटीत निथळू दिले. महिन्याला लागणारे तेल एकदा मोजून पाहावे: माणशी दिवसाला वीस ते तीस ग्रॅम धरल्यास पाच माणसांच्या घराला महिन्याला तीन ते साडेचार किलो पुरावे, आमच्याकडे सहा लागत होते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दोनदा खाण्यापेक्षा भगर आणि शेंगदाण्याची आमटी एकदा घ्यावी. वजन आठवड्याला अर्धा किलोने उतरले तरी पुरे, आणि मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले तरी रक्तातील साखर आणि रक्तदाब यांवर चांगला परिणाम दिसतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

वही वर्षातून दोनदा उघडावी, एकदा वेचणीत आणि एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत, कारण या दोन्ही वेळी देणारे हात बदलतात. माझ्या बहिणीने यंदा मे महिन्यात मुलाला आमच्याकडे पाठवले, तेव्हा त्याच्या पिशवीत कपड्यांवर ती वहीही ठेवली होती आणि रोज भरायला बजावले होते. पाचव्या दिवशी मी ती सहज चाळली. 'कोणी दिले' या रकान्यात नऊ ठिकाणी 'मामा' लिहिले होते, त्यांतील चार वेळा बर्फाचा गोळा होता, आणि शेवटच्या रकान्यात नऊच्या नऊ वेळा, सुवाच्य अक्षरात, 'नाही'.